साठीनंतर ग्रोथ हार्मोन वाढवणारी गोळी: कोणी घेतली आहे का?

निवृत्त बापू – १२ जानेवारी, २१:४०

मंडळी नमस्कार. बऱ्याच वर्षांचा वाचनमात्र सभासद आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ६७, बँकेतून निवृत्त. शुगर, बीपी, थायरॉइड काही नाही. रोज सकाळी पाऊण तास चालतो. गेल्या महिन्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. फडकं धरून झालं, गरम पाण्यात धरून झालं. शेवटी बायकोनं उघडलं आणि एक शब्दही बोलली नाही. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

म्हणून जवळच्या जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर, वय जेमतेम सव्वीस, म्हणाला, "काका, तुमचं ग्रोथ हार्मोन डाऊन आहे. आता इंजेक्शन नको, गोळी आलीय. बाहेरून काही घालायचं नाही, तुमचंच हार्मोन वाढतं." डबीवर एमके-६७७ लिहिलंय. २५ मिलिग्रॅम, रोज रात्री एक. घरी भिंग लावून पाहिलं तर खाली बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी, मानवी सेवनासाठी नाही' असं छापलंय. त्याला विचारलं तर म्हणे, ते कायद्यासाठी लिहावं लागतं.

धडधाकट म्हाताऱ्या माणसानं असं औषध घ्यावं का? आणि माणसांसाठी नाही तर मग नक्की कोणासाठी आहे?

खडूस मांजर – १२ जानेवारी, २१:५२

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न कोण आणतंय?

लोखंड_उचल्या – १२ जानेवारी, २२:१५

काका, मी घेतली आहे. वय ३४. तीन महिने घेतली. पहिल्या आठवड्यातच भूक अशी लागायची की ऑफिसातला डबा साडेदहालाच संपायचा. झोप मात्र मस्त, स्वप्नं पिक्चरसारखी. वजन चार किलो वाढलं. सकाळी उठल्यावर बोटं सुजल्यासारखी वाटायची, अंगठी निघायची नाही. बेंच प्रेस वाढला, पण खाणं दीडपट झालं होतं, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही. बंद केल्यावर दोन-अडीच किलो तर नुसतं पाणीच उतरलं.

एक सांगतो, जिममध्ये ही स्टेरॉइडसारख्या गोळ्यांच्या रांगेत ठेवतात, पण ती त्यातली नाही. कामच वेगळं आहे.

आजी_ऑनलाइन – १२ जानेवारी, २२:३१

बरणीच्या झाकणाला जाड रबरबँड लावायचा आणि लाटण्यानं कडेला चार ठोके द्यायचे. हार्मोन कशाला लागतंय?

हार्मोनियम – १२ जानेवारी, २३:२०

नाव वाचून फसू नका, मी पेटी वाजवत नाही, अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर आहे. नावाची कोटी कॉलेजातल्या मित्रांची.

बापूकाका, ट्रेनर अर्धं बरोबर बोलला. ग्रोथ हार्मोन हे प्रथिन आहे. ते गिळलं तर पोटात डाळीसारखं पचून जातं, म्हणून ते नेहमी सुईनंच द्यावं लागतं. ही गोळी म्हणजे ते हार्मोन नव्हे. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ढोसते, "ऊठ, थोडं सोड" म्हणून. ग्रंथी हे हार्मोन नळासारखं सतत सोडत नाही, उचक्यांसारखं सोडते, आणि सगळ्यात मोठी उचकी रात्री गाढ झोप लागल्यावर येते. वय वाढतं तशा या उचक्या बारीक होत जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण १४ टक्के घट, असा आकडा पाठ्यपुस्तकांत देतात. त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी तुमचं 'डाऊन' असणारच. माझंही आहे.

गंमत म्हणजे औषध आधी आलं आणि शरीरातला मूळ पदार्थ मागाहून सापडला. गोळी पेशीवरच्या ज्या कुलपात बसते ते मर्क कंपनीच्या लोकांनी १९९६ साली शोधलं, तेही याच रेणूची किल्ली हातात धरून. खरी किल्ली १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना सापडली. कुठे? उंदराच्या जठरात! तिचं नाव घ्रेलिन. पोट रिकामं झालं की जठर हेच सोडतं आणि भूक लागते. उचल्यासाहेबांचा डबा साडेदहाला का संपायचा ते आता कळलं असेल.

खडूस मांजर – १२ जानेवारी, २३:२८

म्हणजे भुकेची नक्कल करणारी गोळी विकत घ्यायची. आमच्या घरी ती फुकट लागते.

तात्या टेक्सास – १३ जानेवारी, ०४:०५

इकडे ह्यूस्टनला रस्त्यावर पाट्या असतात: वय थांबवा, ऊर्जा परत मिळवा. आमच्या ओळखीतले एक जण महिन्याला घसघशीत पैसे मोजून इंजेक्शन घेत होते. केस काळे झाले नाहीत, पण बँक खातं गोरंपान झालं. निव्वळ म्हातारपण हटवायला ग्रोथ हार्मोन देणं किंवा विकणं इथे केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. तरी पाट्या आहेतच.

रच्याकने, हे सगळं सुरू कुठून झालं? कोणीतरी काहीतरी सिद्ध केलं असेल ना?

हार्मोनियम – १३ जानेवारी, ०८:१०

तात्या, सुरुवात ५ जुलै १९९०. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डॅनियल रुडमन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ६१ ते ८१ वर्षांचे २१ पुरुष, पैकी १२ जणांना सहा महिने ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं. मांसल वजन ८.८ टक्के वाढलं, चरबी १४.४ टक्के घटली. यात ताकद किती वाढली हे मोजलंच नव्हतं, पण तेवढं कोण वाचतं? बाजार उभा राहिला. २००३ साली त्याच नियतकालिकाला छापावं लागलं की आमच्या लेखाचा जाहिरातींत गैरवापर होतोय.

आता गोळीबद्दल. तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडेल असा प्रयोग व्हर्जिनिया विद्यापीठात, शार्लट्सव्हिलला झाला. निकाल २००८ मध्ये आले. ६० ते ८१ वर्षांचे ६५ निरोगी स्त्री-पुरुष, रोज २५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या डबीवरचाच डोस. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण आत काही नसलेली.

हार्मोन वाढलं का? वाढलं, तरुणांच्या पातळीला गेलं. ग्रोथ हार्मोनच्या हुकमावरून यकृत जे आयजीएफ-१ बनवतं तेसुद्धा. वर्षभरात खरी गोळी घेणाऱ्यांचं चरबी वगळून वजन सरासरी १.१ किलोनं वाढलं, बाकीच्यांचं अर्धा किलो घटलं. इथवर ट्रेनर जिंकला. पण ताकद वाढली नाही. रोजच्या हालचालींत फरक पडला नाही. पोटातली चरबी तशीच राहिली. उपाशीपोटीची साखर सरासरी ५ मिलिग्रॅमनं चढली आणि इन्शुलिनचा असर कमी झाला. भूक वाढली, काहींच्या पायांवर थोडी सूज आली, स्नायू दुखले.

प्रश्नचिन्ह – १३ जानेवारी, ०८:४४

एक मिनिट. स्नायू वाढले पण ताकद नाही, हे कसं? गहू वाढला पण पोळ्या तेवढ्याच?

हार्मोनियम – १३ जानेवारी, ०९:०२

'चरबी वगळून वजन' म्हणजे स्नायू असं सगळे धरून चालतात. त्यात पाणीही येतं, यकृत, आतडी, कातडी सगळं येतं. ग्रोथ हार्मोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. कणीक सैल मळली तर गोळा मोठा दिसतो, पीठ तेवढंच असतं.

लोखंड_उचल्या – १३ जानेवारी, ११:३०

डॉक्टर, आदर आहे, पण एक मुद्दा. त्या प्रयोगातल्या आजी-आजोबांना व्यायाम दिला होता का? नसेल तर ताकद वाढेल कुठून? सिमेंट आणून ठेवलं आणि गवंडीच नाही, तर भिंत उभी राहत नाही.

हार्मोनियम – १३ जानेवारी, १३:४५

मुद्दा रास्त आहे. त्या प्रयोगाचा व्यायाम हा भाग नव्हता. पण गवंडी ठेवूनही बघून झालंय, गोळीनं नाही तरी इंजेक्शननं. १९९४ मध्ये ६५ ते ८२ वयाच्या पुरुषांकडून आधी काही आठवडे वजनं उचलून घेतली, मग काहींना व्यायाम चालू असतानाच ग्रोथ हार्मोन दिलं. दोन्ही गटांची ताकद सारखीच राहिली. हार्मोनवाल्यांना वरकड काही मिळालं नाही.

आणि तुमच्या बाजूचं एक मीच सांगतो. दुसरी अशीच गोळी, कॅप्रोमोरेलिन. ६५ ते ८४ वयाचे ३९५ लोक, चालण्या-फिरण्यात थोडे मागे पडलेले. सहा महिन्यांनी एका रेषेत पावलामागे पाऊल टाकत चालणं सुधारलं, वर्षानं जिना चढणंही थोडं. म्हणजे अगदीच शून्य नव्हे. पण आधी ठरवलेला निकष पुरा झाला नाही म्हणून प्रयोग मुदतीआधी थांबवला. साखर तिथेही थोडी चढलीच.

पशुवैद्य_सातारा – १३ जानेवारी, १४:२०

कॅप्रोमोरेलिन? अहो, ते आमचं औषध! बापूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. 'माणसांसाठी नाही तर कोणासाठी?' तर कुत्र्यांसाठी. २०१६ मध्ये अमेरिकेत ते कुत्र्यांची भूक वाढवायला मंजूर झालं, नंतर वजन घटलेल्या मांजरांसाठीही. आजारी कुत्रा खात नसेल तर तोंडात द्रव सोडायचा. अर्थात बापूंच्या डबीतलं एमके-६७७ हे त्याचं चुलतभावंड. ते ना माणसांसाठी मंजूर, ना कुत्र्यांसाठी.

खडूस मांजर – १३ जानेवारी, १४:२३

'नंतर मांजरांसाठीही' हे वाचून मी धाग्यातून सन्मानपूर्वक माघार घेत आहे.

निशिगंधा_७ – १३ जानेवारी, १४:५०

😂 म्हणजे वयस्कांच्या पायात बळ आणायला निघाले आणि पोचले मोत्याच्या वाटीपर्यंत.

पण जपानमध्ये अशीच एक गोळी कॅन्सरच्या रुग्णांना देतात ना? माझी मावसबहीण तिकडे असते, तिच्याकडून ऐकलं होतं.

हार्मोनियम – १३ जानेवारी, १९:१५

बरोबर. अनामोरेलिन. कॅन्सरमुळे अंग झडत जातं, जेवण जात नाही, अशा रुग्णांसाठी जपाननं २०२१ मध्ये मंजूर केली. आणि मॅसिमोरेलिन म्हणून आणखी एक आहे, ती २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण उपचारासाठी नव्हे, तपासणीसाठी. एकदाच प्यायची आणि रक्त काढून बघायचं की पिट्युटरी हाकेला ओ देते का. ज्यांची ग्रंथी खरोखर बिघडलेली असते, गाठीमुळे किंवा ऑपरेशननंतर, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना हार्मोन द्यावंच लागतं आणि फायदाही होतो. बापूकाकांची ग्रंथी म्हातारी आहे, आजारी नाही.

एक धोक्याचंही लिहून ठेवतो. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना हीच एमके-६७७ देऊन पाहिली होती, चालणं लवकर सुरू व्हावं म्हणून. १२३ रुग्ण. काही जणांत हृदय कमजोर पडून अंगात पाणी साठण्याचा त्रास दिसू लागला आणि प्रयोग थांबवला, २०११. तिथे डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बघत होते. जिममध्ये कोण बघणार?

वैद्य_नाही_पण – १३ जानेवारी, २०:०५

अश्वगंधा घ्या. आमच्या गावाकडचे लोक नव्वदीतही नांगर धरतात.

प्रश्नचिन्ह – १३ जानेवारी, २०:११

कुठलं गाव? तिथे जमीन मिळते का?

भटक्या_सह्याद्री – १३ जानेवारी, २१:३०

माझ्या सासऱ्यांनी आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांच्या कॅप्सूल आणल्या होत्या. नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही, झोपताना दोन घ्या, वगैरे. त्याचं काय?

हार्मोनियम – १३ जानेवारी, २२:४०

त्याचंही मूळ आहे. १९८१ साली इटलीत १५ ते २० वर्षांच्या मुलांना दोन्ही प्रत्येकी १.२ ग्रॅम एकत्र दिलं तर हार्मोन उसळलं. सासरेबुवा पंधरा वर्षांचे असतील तर जरूर द्या. १९९३ मध्ये म्हाताऱ्या पुरुषांना दोन्ही तीन-तीन ग्रॅम, दिवसातून दोनदा, चौदा दिवस देऊन पाहिलं. हार्मोन जागचं हललं नाही.

निशिगंधा_७ – १३ जानेवारी, २३:०५

मला वेगळाच प्रश्न पडलाय. हार्मोन कमी होणं वाईटच, हे आपण का धरून चाललोय? इक्वेडोरमध्ये काही गावांत लॅरॉन सिंड्रोमचे लोक आहेत. त्यांच्या शरीराला ग्रोथ हार्मोन ओळखूच येत नाही. उंची साडेतीन-चार फूट. त्यातल्या सुमारे शंभर जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, २०११ मध्ये निष्कर्ष आले: मधुमेह कोणालाच नाही, कॅन्सर जवळजवळ नाही. आणि ज्या उंदरांत हे हार्मोन तयारच होत नाही ते जास्त जगतात.

लोखंड_उचल्या – १३ जानेवारी, २३:२०

ताई, साडेतीन फुटी राहून शंभर वर्षं जगण्यापेक्षा...

निशिगंधा_७ – १३ जानेवारी, २३:२४

पूर्ण करू नका. 🙏 आणि शंभर जगतात असं मी म्हटलेलं नाही. ती माणसं इतर कारणांनी, अपघातात वगैरे जातातच.

आजी_ऑनलाइन – १४ जानेवारी, ०७:१५

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या गोड बोला. बापू, रबरबँड लावून पाहिलात का?

हार्मोनियम – १४ जानेवारी, ०८:३०

तिळगूळ मिळाला, आजी.

जाता जाता एक सांगायचं राहिलं होतं. रुडमनचा लेख जुलै १९९० चा. त्याच्या तीन आठवडे आधी, १३ जूनला, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारिया फियातारोने यांचा लेख आला होता. बॉस्टनच्या वृद्धाश्रमातले दहा जण, सगळ्यात लहान ८६ वर्षांचा, सगळ्यात मोठा ९६. आठ आठवडे त्यांच्याकडून मांड्यांचा भारी वजनाचा व्यायाम करून घेतला. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांनी तर काठी सोडली. याच्या पाट्या काही ह्यूस्टनला लागल्या नाहीत, कारण डबीत भरून विकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बापूकाका, घरी एक करून बघा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. आकडा इथे लिहा.

निवृत्त बापू – १४ जानेवारी, १०:०५

१०. शेवटची एक बायकोच्या मते अर्धीच होती.

तात्या टेक्सास – १४ जानेवारी, १९:४०

मीपण केलं. आकडा सांगणार नाही. खुर्ची मोडली.

निवृत्त बापू – २ मार्च, २२:१०

मंडळी, धागा वर काढतोय. आधी कबुली. मी 'घ्यावी का' असं विचारलं होतं, पण तेव्हा गोळी सुरू करून आठ दिवस झाले होते. लाजेखातर लिहिलं नाही. तुमचं सगळं वाचूनही आणखी अकरा दिवस घेतली. पैसे भरले होते ना! डबीचे साडेचार हजार. बँकेतल्या माणसाचा जीव तुटतो.

एकोणीस दिवसांत काय झालं ते सांगतो. रात्री दोनला जाग यायची ती भुकेनं. स्वयंपाकघरात अंधारात उभं राहून शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो, तेवढ्यात दिवा लागला. दारात बायको. त्या रात्री बरंच ऐकून घेतलं, मागची थकबाकी धरून. संध्याकाळी मोजे काढले की नडगीवर रबराची खाच अर्धा तास तशीच राहायची. बोट दाबलं तर खळगा पडायचा. दिवाळीत उपाशीपोटी साखर ९६ होती, ती तपासली तर १०९. त्याच दिवशी बंद केली आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना डबी नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच म्हणालो, "समजलं."

आता साखर ९८. खाच पडत नाही. ट्रेनर बदलला. नवीन बाई आहेत, फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून तीनदा बसायला-उठायला लावतात, पाठीला पिशवी बांधून. पिशवीत तीन किलो तांदूळ असतात. ताटात रोज एक वाटी उसळ आणि दही वाढलंय. काल मोजलं, तीस सेकंदांत १४. शेवटची पूर्ण, साक्षीदार आहे.

लोखंड_उचल्या – २ मार्च, २२:१८

बापू, दंडवत! १४ म्हणजे भारीच. एकोणीस दिवसांचं आधी सांगितलं असतंत तर आम्ही रागावलो नसतो. म्हणजे रागावलो असतो, पण प्रेमानं.

हार्मोनियम – २ मार्च, २३:००

वा! साखर तीन महिन्यांनी एकदा पुन्हा बघा, तेव्हा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, पण करा. आणि पेशंट खोटं बोलतात हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात, वाईट वाटून घेऊ नका.

पशुवैद्य_सातारा – ३ मार्च, ०९:१०

उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत? उघड्या कचऱ्यात टाकू नका, गल्लीतली कुत्री हुंगत फिरतात. ठरलेल्या मापाबाहेर त्यांच्याही पोटात जायला नको.

निवृत्त बापू – ३ मार्च, ०९:३५

डॉक्टरांनीच ठेवून घेतल्या. डबी मात्र परत मागून आणली. आता तिच्यात गीझरचे जुने वॉशर आहेत.

आजी_ऑनलाइन – ३ मार्च, १०:०२

आणि झाकण?

निवृत्त बापू – ३ मार्च, १०:२०

झाकण अजून बायकोच उघडते. पायांचं झालं, हातांचं पुढच्या महिन्यात घेणार आहेत बाई. तोवर रबरबँड. ठोके जरा जपून द्या आजी, आमच्या लाटण्याला चीर गेली.

खडूस मांजर – ३ मार्च, १०:२६

दोन महिने धागा वाचतोय. लोणचं कशाचं होतं ते कोणी विचारलंच नाही.

निवृत्त बापू – ३ मार्च, १०:४१

माईनमुळ्याचं.